लिलावातल्या तीन सीटा

“काका, तिथं हात घालू नका, लाइफ जॅकेट आहे ते, दोरी ओढली तर फुगेल!” योगिनी दारातूनच ओरडली, तसा मी सीटखालचा हात झटकन मागे घेतला.

नाशिकच्या सातपूरला माझं सीटा शिवायचं वर्कशॉप. बस, रिक्षा, ट्रॅक्टर, कशालाच कधी नाही म्हटलं नाही. पण विमानाची सीट बापजन्मात पाहिली नव्हती. एक विमान कंपनी बुडाली, सामान लिलावात निघालं, आणि मी हौसेनं तीन जोडसीटा उचलून आणल्या. बायको म्हणाली, “आता विमान कधी आणताय?” म्हणू दे! आत काय भरलंय ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून गल्लीतल्या योगिनीला बोलावलं. ती त्याच कंपनीत हवाई सुंदरी होती. सोबत विंचूरहून आलेली तिची आई, नवसाबाई.

“काय गं, कंपनी बुडाली की विमानं कुठं जातात?”

“विमानं भाड्याची असतात काका. मालक घेऊन जातो.”

“अरेच्चा! म्हणजे आमच्या रिक्षावाल्यांसारखंच की!”

“पण आमची कंपनी परत सुरू होणारे. नवीन पार्टीशी बोलणी चाललीत.”

वर्षभर हेच सांगत होती पोरगी. एका हॉटेलात चांगली नोकरी मिळत होती, त्यांना उद्या शेवटचं उत्तर द्यायचं होतं, आणि ही नाही म्हणणार होती. माझा नुसता जीव तुटत होता.

नवसाबाई सीटवरून हात फिरवत होत्या. लेकीच्या नोकरीवर त्यांना विमानप्रवास फुकट होता. पण दरवेळी “शेतातला कांदा निघू दे, मग जाऊ,” म्हणत राहिल्या, आणि कंपनीच बंद पडली.

“बसा की मावशी,” मी म्हटलं.

त्या चपला काढून बसल्या. योगिनीनं त्यांचा पट्टा बांधला, समोर ताठ उभी राहिली आणि गमतीनं म्हणाली, “पाणी देऊ, मॅडम?” हसायला गेली, पण तिला हसू काही येईना.

“उभी नको राहू माय. बस माझ्याजवळ,” नवसाबाई म्हणाल्या.

“ड्युटीवर बसत नाहीत, आई.”

“ड्युटी संपली ना पोरी तुझी. लय दिस झाले.”

मला वाटलं, आता योगिनी रागानं निघून जाईल. पण तिनंही चपला काढल्या, आईला खेटून बसली आणि समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहिली.

“हॉटेलवाल्यांना उद्या हो म्हणते,” ती म्हणाली.