रानशेंगेचं मूळ

बस डेपोमागचा उतार म्हणजे नुसती खडी. तिथे गवतसुद्धा नाक मुरडत उगवायचं. निळ्या फुलांची रानशेंग मात्र ठाण मांडून बसलेली. वर गुडघाभर, खाली किती ते कुणालाच ठाऊक नाही. थंडीत पार दिसेनाशी व्हायची, उन्हं तापली की हजर.

उतारावरचं गवत कापायचं काम डेपोतल्या मावशीकडे. शेंगा तडकून बिया उडाल्याशिवाय ती यंत्राला हात लावत नसे. आणि शेंगा तरी कशा तडकायच्या! एका ड्रायव्हरने टायर फुटला समजून बस थांबवली आणि सहाही चाकं तपासली. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

नवे साहेब आले ते नेमके थंडीत. उघडा उतार बघून त्यांनी ‘रिकामी जागा’ असं लिहिलं आणि फरशी मंजूर करून घेतली. फरशीचा ट्रक आला तेव्हा उतार निळाभोर.

“मावशी, हे काय उगवलंय?”

“तुमच्या जन्माआधीपासून आहे, साहेब. तुम्ही आलात तेव्हा झोपलं होतं.”

“मग कुंड्यांत हलवा. रानझाड मुळासकट हलवायचं, असा नियमच आहे.”

“मुळासकट?” मावशीने कमरेवर हात ठेवले. “मूळ न तोडता एक झाड काढून दाखवा. बाकीची मी स्वतः उपटते. तोवर एक फरशी टेकवू देणार नाही.”

डेपोभर हशा पिकला आणि साहेब इरेला पेटले. मावशी मात्र उताराकडे बघत राहिली. मूळ संपलंच, तर एवढा उतार आपल्याच हातांनी उजाड करायचा!

पहिल्या दिवशी खणणारे दोघे कमरेपर्यंत गेले. मूळ करंगळीएवढं, पण सरळ खाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोप्या दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या दिवशी शिडीला शिडी बांधली. चौथ्या दिवशी गरम डबा खाली पोचेपर्यंत गार व्हायला लागला. मग मुळाने खडकाला वळसा घातला आणि ते भिंतीखालून डेपोत शिरलं.

सहाव्या दिवशी साहेबांच्या टेबलाखालून आवाज आला, “साहेब, आमच्या डोक्यावर कुणाची तरी खुर्ची करकरतेय!”

साहेब ताडकन उठले.

“हां, थांबली. मूळ अजून पुढे गेलंय. खणू का?”

मावशी दारातच उभी होती. “खणा की! लागलं तर इथली फरशी उचलू.”

“नको!” साहेब भिंतीला चिकटले. “राहू दे तुमची रानशेंग. पण मावशी, निदान कडेने फरशीची एक ओळ?”

“अर्धीसुद्धा नाही.”

ट्रक आला तसा भरलेला परत गेला. खड्डा बुजवायची पाळी आली तेव्हा मावशीने फावडं साहेबांच्याच हातात दिलं. “हळू टाका माती. मूळ दुखावलं तर मी आहेच.”