भोक पाडलेली गुंज

लातूर जिल्हा झाला आणि पावसानं दडी मारली. कचेऱ्या वाढल्या, साहेब लोक वाढले, नळाला मात्र थेंब नाही. फायदा झाला तो वीरण्णाच्या पानठेल्याचा. साहेबांना पानात गुंजेचा पाला लागायचा, गोड असतो म्हणून. त्या पाल्यासाठी वीरण्णानं घराच्या कुंपणावर गुंजेची वेल चढवली होती. बी टाकून टाकून थकला होता बिचारा. गुंजेचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरेना, कोंब फुटेना. शेवटी बी दगडावर घासली, कवचाला खरड पडली, तेव्हा कुठं उगवली. हे पुराण तो पान खायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, ऐकणाऱ्याची इच्छा असो नसो.

त्या उन्हाळ्यात वेल पार वाळली. शेंगा तडकल्या आणि लालभडक, काळ्या डोळ्याच्या गुंजा कुंपणाखाली सांडल्या. वीरण्णाची बायको गुरम्मा, तिला त्या बघून नातू आठवला. शिवलिंग, अडीच वर्षांचा. दुष्काळानं गल्लीतली लेकरं सुकून गेलेली आणि हा एकटा गुटगुटीत. नजर लागणार नाही तर काय! गुरम्मानं तापलेल्या सुईनं गुंजांना भोकं पाडली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि नातवाच्या मनगटाला बांधली.

सून उमा मॅट्रिक झालेली. ती म्हणाली, "आत्याबाई, गुंज म्हणजे जहर. लेकराच्या अंगावर नको."

"तुझ्या नवऱ्याला कुणी वाढवलं, मास्तरनं का मी?" गुरम्मा म्हणाली. झालं, दोघींचं बोलणंच बंद पडलं. नवरा मुदखेडला रेल्वेत. समजूत घालायला घरात कोण होतं?

मग एका सकाळी न्याहारीनंतर वीरण्णाची हाक आली. शिवलिंग कुंपणाजवळ मातीत बसला होता, गाल फुगवून. वीरण्णानं त्याच्या तोंडात बोट घातलं आणि एक गुंज काढली.

"अजून खाल्ली का रे?"

पोरानं खुशाल मान डोलावली.

गुरम्मानं धावत येऊन नातवाचा हात धरला. वीरण्णा मात्र हसला. "कशाला घाबरतीस? अख्खी गुंज पोटात जाती आणि तशीच बाहेर पडती. मातीत उगवायला मला रडवलं तिनं, पोटात काय उगवून राहिली?" असं म्हणून तो ठेल्यावर निघूनही गेला.

त्याला वाटलं वेलीखालचीच गुंज असणार. गुरम्मानं नातवाचं मनगट बघितलं होतं. दोरा नव्हता.

ती केरसुणी घेऊन कुंपणाशी बसली. झाडायचं सोंग, दुसरं काय. मातीत बोटं फिरवून एकेक गुंज उचलायची, उजेडात धरायची. हिला भोक. हिलाही भोक. भोकातून पाणी आत जाणार. पाणी गेलं की आतलं जहर सुटणार. एवढं कळायला मॅट्रिक कशाला लागतं? ऊन वर चढत गेलं.

उमा दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. गुरम्माला वाटलं, ही आत्ता बोलेल, मग बोलेल. बोलू दे, मग मीही सांगते. पण आपण होऊन सांगायचं म्हणजे जन्मभर हिच्यापुढं मान खाली. आणि मुलगा? तो तोंड तरी बघेल का आपलं? पोर तर खेळून राहिलं. काही होत नसेल. होणार असतं तर झालं नसतं का एव्हाना?

मग शिवलिंग खेळता खेळता थांबला आणि पोटावर हात ठेवून आजीला म्हणाला, "अव्वा, दुखतंय."

"उमा," गुरम्मा ओरडली, "त्याच्या मनगटाची गुंज खाल्ली त्यानं! भोक पाडलेली!"

उमानं का, कधी, काहीच विचारलं नाही. लेकरू उचललं आणि धावली. गल्लीच्या तोंडाशी टँकर नुकताच लागला होता आणि बायांच्या घागरींची रांग पार मारुतीपर्यंत गेली होती. गुरम्मा ड्रायव्हर नरसिंगचा हात धरून म्हणाली, "लेकरानं जहर खाल्लं बाबा, दवाखान्यात ने." पहाटेपासून ताटकळलेल्या बाया. एकीनं टँकरला लावलेला पाइप आपणच काढला आणि बाजूला झाली. पाण्यासकट टँकर निघाला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?"

"न्याहारीनंतर लगेच," गुरम्मा म्हणाली.

"आता दुपार झाली. इतका वेळ कुणाला कळलं नाही?"

"मला कळलं होतं."

डॉक्टरांनी तिच्याकडं एकदाच बघितलं आणि पोराला आत नेलं. नळी घालून पोट धुतलं. गुंज निघाली, फुगलेली, भोकाच्या बाजूनं चिरलेली. बाहेर येऊन ते म्हणाले, "थोडं जहर अंगात उतरलं असणार. उद्या संध्याकाळपर्यंत मी काही सांगू शकत नाही. लवकर आणायला हवं होतं."

व्हरांड्यात दोघी भिंतीला टेकून बसल्या. गुरम्मा वाट बघत होती, आता ही शिव्या देईल. दे बाई, दे एकदाच्या. तेवढंच बरं वाटेल.

"आत्याबाई," उमा म्हणाली, "दोरा मी कापला. सकाळी तुम्ही पाणी आणायला गेल्या होत्या तेव्हा. कुंपणापल्याड फेकायला गेले तर हातातून सुटला, गुंजा पसरल्या. मग वेचीन म्हणून तशाच ठेवल्या."

गुरम्मा तिच्याकडं वळली. "म्हणजे तुला ठावं होतं?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं भ्या वाटलं."



आत शिवलिंग रडायला लागला, मोठ्यानं, घसा फोडून. एरवी दोघींपैकी कुणीतरी त्याला उगी करायला धावली असती. आता दोघी उठून दाराशी गेल्या आणि फळीला कान लावून उभ्या राहिल्या. तो गप्प होऊ नये, एवढंच दोघी मागून राहिल्या होत्या.