नॉर्मल रक्ताचा ठिपका

आम्रपालीनं पांढरी पट्टी चिमट्यानं उचलली आणि रंगाच्या पाण्यात अलगद सोडली. शेजारच्या शेडमधला पत्रा दाबायचा प्रेस धप्प करून बसला, तसं ताटलीतलं पाणी थरथरलं. भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये लॅब थाटली की एवढं सोसावंच लागतं.

पट्टीवर सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्याचे, थेंब ओळीनं वाळवलेले होते. पहिला बाळाच्या नाळेतल्या रक्ताचा. मग लॅबच्या प्रमुख मिनलमॅडमचा, मग आम्रपालीचा स्वतःचा. शेवटचे दोन तिच्या वडिलांचे, भिवाआबांचे: एक फ्रीजरमध्ये जपलेल्या जुन्या रक्ताचा, एक गेल्या आठवड्यातला.

परीक्षा होती ती अँटीबॉडीची. सशाच्या रक्तातून काढलेली ही अँटीबॉडी माणसाचं एकच प्रोटीन हुडकायची. ते पोटातल्या बाळाच्या रक्तात भरपूर असतं, जन्मानंतर ओसरतं आणि धडधाकट मोठ्या माणसात जवळपास उरत नाही; मोठेपणी पुन्हा वाढलं, तर यकृतात गाठ असल्याची शंका घ्यायची. जिथं ते असेल तिथं तपकिरी ठिपका उठायचा. ससा कधीच मेला होता, पण त्याची ओळखण्याची खोड बाटलीत जिवंत होती. आज त्या बाटलीकडे पाठ करून उभं राहायला आम्रपालीला नको वाटत होतं.

गेले काही महिने 'नॉर्मल' लिहिलेल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या धडधाकट माणसाच्या नळीतलं रक्तही रंगायला लागलं होतं. आधी नुसती सावली, मग फिकट डाग. ती नळी कायम आबांचीच असायची. उभा जन्म कंपनीत शिफ्ट केल्या, आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही, असा माणूस लॅबला आणखी कुठं मिळणार? आबांना तर हा मान वाटायचा. "माज्या रगतावर बाकीच्यांचं पारखत्यात," असं ते पिंपळे गुरवला सोसायटीच्या गेटवर येईल त्याला सांगायचे. वॉचमनला तर पाठ झालं होतं.

मिनलमॅडमनी निकाल देऊन टाकला होता: अँटीबॉडी बिघडलेली आहे, हा शेवटचा तपास, सगळेच ठिपके उठले तर सगळा माल मोरीत. काल संध्याकाळपर्यंत आम्रपाली त्यांच्याशी भांडत होती. वर्षाची मेहनत होती ती.

आज सकाळी आबा स्कूटीवर तिच्यामागं बसले आणि गाडी दबलीच नाही. ते अजून बसायचेत असं समजून ती पाय टेकून थांबून राहिली.

"चल की आता," ते मागून म्हणाले.

तिथून लॅबपर्यंत ती आरशात त्यांची उतरलेली गालफडं बघत आली.

आणि आता ताटलीवर वाकून ती मनात एकच घोकत होती. सगळे ठिपके उठू देत. मॅडमचा उठू दे, माझा उठू दे. अँटीबॉडी खोटी निघू दे.

नाळेचा ठिपका उठला. तो उठायचाच होता. बाकीची पट्टी पांढरीच राहिली. प्रेस पुन्हा धप्प झाला, पाणी हललं, आणि थांबलं तेव्हा दुसऱ्या टोकाला काहीतरी उमटत होतं. आधी कडा, मग मधला भाग. बाळाच्या ठिपक्याइतकाच गडद, गोल. मॅडमची, तिची स्वतःची, आबांच्या जुन्या रक्ताची जागा कोरीच होती.

मिनलमॅडम मागून डोकावल्या.

"अगं, बाकी सगळं स्वच्छ! म्हणजे अँटीबॉडी चांगली आहे. तू म्हणत होतीस तेच खरं. मग हा शेवटचा कुणा..."

दोघींनी एकदमच बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

आबा बाकावर बाही वर करून बसले होते. समोर बिस्किटाचा पुडा होता, फोडलेला, पण एकही बिस्कीट कमी झालेलं नव्हतं.

"काय बाई," त्यांनी मॅडमना हाक मारली, "सशाचं काम झालं का न्हाई पास?"

आम्रपाली हात धुऊन बाहेर आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"झालं, आबा. पास झालं."

"मग! मी म्हनलंच व्हतं." त्यांनी हात पुढं केला. "घे, किती लागतंय त्येवढं घे."

तिनं तो हात धरला आणि बाही हळूहळू खाली ओढली.

"आज इथं नको. आपल्याला दवाखान्यात जायचंय, तिथं द्यायचं."

आबांचा चेहरा खुलला.

"त्यास्नी बी नॉर्मल पायजे व्हय?"

आम्रपालीनं बाहीचं बटण लावलं. तरीही ती मनगटाभोवती सैल लोंबत राहिली.