सिस्टरचा आवाज

वाचन, लेखन, श्रवण या तिन्हीत उत्तम, आणि बोलण्यात नापास. सिस्टरने निकालाचा कागद उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली. तिथे कोरं होतं.

बावीस वर्षं ती एकाच वॉर्डात नर्स होती. सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं, आणि चिडवायचं असलं की नवराही. चाळीस पेशंटांमागे ती एकटी. परदेशातल्या ज्या हॉस्पिटलने तिला निवडलं होतं, तिथे सहा पेशंटांमागे एक नर्स. घाबरलेल्या माणसाचा हात पाच मिनिटं धरून बसता येईल, एवढ्यासाठीच तिला जायचं होतं. इंग्रजीच्या परीक्षेचा कागद महिनाअखेरपर्यंत पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"आई, तू बोललीस तरी काय तिथे?" लेकीने विचारलं.

काय बोलणार! हॉलमध्ये पंधरा जण, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, समोर कॉम्प्युटर. सगळे एकदम बोलायला लागले आणि मासळीबाजार भरला. तिच्या पडद्यावर प्रश्न आला, कुणाला वाईट बातमी सांगावी लागली तो प्रसंग सांगा. सिस्टरला ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसलेली एक म्हातारी आठवली. मुलगा गेल्याचं सिस्टरनेच तिच्या कानाशी वाकून सांगितलं होतं. तेच तिने सांगितलं, स्वच्छ इंग्रजीत, न अडखळता, आणि तेव्हा सांगितलं होतं त्याच आवाजात. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हताच. बावीस वर्षं आजाऱ्यांची झोप जपलेली बाई कोकलणार कुठून?

फेरतपासणीच्या अर्जाला दोन ओळींचं उत्तर आलं. आवाज अस्पष्ट, गुण कायम. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अर्धी रजा टाकून ती परीक्षा केंद्रावर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मार्क मशीन देतं," खिडकीमागचा कारकून म्हणाला. "मशीनचं काय तुमच्याशी वैर आहे?"

"पण माझं बोलणं ऐकलं कुणी?"

"ऐकायला माणूस नसतोच." मग त्याला बहुधा तिची कीव आली. "हे बघा, परत बसा आणि दणकून बोला. काय बोलताय त्याचं एवढं काही नसतं."

महिना संपायला नऊ दिवस असताना ती परत बसली. प्रश्नांचा साठा बेताचाच असावा, कारण पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. म्हातारी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिचं दुःख त्या गोंगाटात ओरडून सांगायला सिस्टरची जीभ रेटेना. मग तिने एक शेजारी बनवला, त्याला एक पोपट दिला, पोपट उडवून दिला आणि ती वाईट बातमी शेजाऱ्याला कशी सांगितली, हे छप्पर उडेल अशा आवाजात ठोकून दिलं. पर्यवेक्षक बाई दचकून वळल्या. सिस्टर थांबली नाही. घरी आली तेव्हा घसा बसला होता.

निकाल आला, बोलण्यात उत्तम. लेक नाचायला लागली. सिस्टर मात्र कागद धरून तशीच बसली. तिला रडू येत होतं आणि रागही. खरं माणूस मेलं तर नापास, आणि खोटा पोपट उडाला तर उत्तम! असल्या परीक्षेला काय म्हणायचं?

आठवड्याने परदेशी हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र आलं, सोबत नियमांची यादी. पहिलाच नियम वाचून सिस्टर ताडकन उठली आणि त्याचा अर्थ तिने भिंती हादरतील अशा आवाजात घरच्यांना सांगितला.

"वॉर्डात नर्सने कायम हळू आवाजात बोलावं! पेशंटजवळ जाऊन, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं!"

नवरा धावत बाहेर आला. "अगं सिस्टर, हळू! शेजारीपाजारी ऐकतील."

"ऐकू देत!" ती आणखी मोठ्याने ओरडली. "एकदा तरी कुणा माणसाने ऐकू दे!"