सातव्या दिवसाचं पाणी

परातीत पडलेलं पाणी पिवळंधमक झालं आणि अख्ख्या डब्यानं तोंडात बोटं घातली.

घटकाभरापूर्वी याच डब्यात माणुसकीचा दुष्काळ पडला होता. जो तो आपल्या मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून शेजाऱ्याचं डोकं उठवत होता. सहा जणांच्या जागेत चौघं ऐसपैस पत्ते कुटत बसले होते आणि दुर्गपासून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहायला त्यांना सवड नव्हती. चमत्कार पाहायला मात्र चौघेही टुणकन उठले. गोंदियाहून रायपूरला जाणारी लोकल चरोद्याच्या अलीकडे सिग्नलसाठी उभी होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि फुकटची करमणूक कोणाला नको असते?

करमणूक करणाऱ्याचं नाव तेजराम महाराज. कपाळभर शेंदूर, गळ्यात तीन पदरी माळ, झोळीत पितळी परात, एक डबी आणि पाण्याची बाटली. समोरचा छत्तीसगढी निघाला की महाराज छत्तीसगढीत बोलत, मराठी निघाला की मराठीत. रोग मात्र ते एकच ओळखत, कावीळ, त्यांच्या बोलीत पिलिया.

त्यांच्यापुढे रेणू बसली होती. सातवा महिना लागलेला, डोळे हळदीसारखे पिवळे, मान नवऱ्याच्या खांद्यावर टाकलेली. नवरा प्रितम सालेकशाकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याच्या खिशात तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. आजच्या आज रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती करा, असं तिच्यात लिहिलेलं होतं.

महाराजांनी आधी डबीतलं तपकिरी जडीबुटीचं पाणी रेणूच्या हातांना कोपरापर्यंत चोळलं. काहीतरी पुटपुटत ते वाळू दिलं. मग वरून बाटलीतलं मंतरलेलं पाणी सोडलं, दोघंतिघं मोबाईलवर त्याचं चित्रण करत होते. बाटलीत होतं तोवर ते स्वच्छ होतं, बोटांवरून परातीत उतरलं ते पिवळं.

"पाहून घ्या भाऊ, आपल्या डोळ्यानं पाहून घ्या," महाराज म्हणाले. "डॉक्टर सुई टोचते अन् पिलिया अंदर दबते. आपन बाहेर काढतो. लिव्हरातून नसीत, नसीतून बोटात, बोटातून परातीत. सीधा रस्ता आहे, टोल नाई लागत."

लोक हसले. महाराजांना लोक हसलेले आवडत. हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही.

भाऊराव हे सगळं समोरच्या बाकाच्या कोपऱ्यावरून पाहत होते. शेजारच्या तरुणानं बूट न काढता पाय बाकावर पसरले होते आणि एका बुटाचा तळ भाऊरावांच्या मांडीला टेकला होता. त्यांनी मांडी हलवली नाही. वर्षभरापूर्वीचे भाऊराव असते तर त्यांनी त्या तरुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. जागेसाठी भांडण्यात त्यांचा हात धरणारा या लाइनवर कोणी नव्हता. आता पायावर पाय देऊन कोणी गेलं तरी त्यांना ते उशिरा कळे. रायपूरला साळ्याच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बायकोनं चला म्हटलं म्हणून ते निघाले होते. नका येऊ म्हटली असती तर स्मृती नगरच्या घरी भिंतीकडे पाहत बसले असते.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा शुभंकर कावीळ होऊन गेला होता.

भाऊरावांनी बत्तीस वर्षं प्लांटात, पोलाद तयार होतं त्या शॉपमध्ये काढली होती. निळ्या काचेतून भट्टीच्या तोंडावरची ज्वाळा पाहायची आणि रंगावरून सांगायचं, ताव झाला, म्हणजे पोलाद तयार आहे, की अजून दोन मिनिटं हवीत. लॅबचा रिपोर्ट मागाहून येई आणि भाऊराव म्हणाले तेच निघे. साहेबसुद्धा म्हणत, रिपोर्ट राहू द्या, भाऊरावला विचारा. या कौतुकानंच त्यांचा घात केला. रक्त तपासून डॉक्टरनं शुभंकरला भरती करायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "रिपोर्टाचं काय, थो मागून येते. मी रंग पाहतो." आणि मुलाला घेऊन ते चरोद्याला गेले, याच तेजरामकडे. रोज सकाळी डोळे बारीक करून त्यांनी परातीतला रंग पाहिला. पहिल्या दिवशी हळद, चौथ्या दिवशी फिक्कट, सातव्या दिवशी निवळ. भाऊरावांनी कॉलनीत पेढे वाटले. अकराव्या दिवशी शुभंकरला ग्लानी आली. तेराव्या दिवशी बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेला, तो तिथंच संपला.

शुभंकरच्या तेरवीला पुतणी भाग्यश्री आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं काकांना मागच्या अंगणात एकटंच बोलावलं, आंब्याच्या झाडाची साल कुटून भिजवली आणि त्या पाण्यात चुन्याची निवळी, म्हणजे चुन्यावरचं स्वच्छ पाणी ओतलं. वाटी पिवळीधमक झाली.

"काकाजी, साल रोज थोडी थोडी कमी लावली का रंग आपसूकच कमी होते," ती म्हणाली. "पिलियाचा अन् त्याचा काई संबंध नाई."

भाऊरावांनी वाटी मोरीत रिकामी केली आणि "काकूले सांगू नको" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या आत सगळं बधिर होतं. ते रडलेही नव्हते.

भागाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. महाराजांना ओळखून त्या गर्दीतून पुढे सरकल्या आणि पाया पडल्या. महाराजांनी आशीर्वाद दिला, पण ही बाई कोण हे त्यांना आठवलेलं दिसलं नाही.

"यायच्या हाताले लय गुन आहे, माय," भागाबाई रेणूला म्हणाल्या. "आमच्या पोराचंही पानी सातव्या दिवशी निवळ आलतं. मंग काळच आडवा आला, त्याले महाराज काय करन?"

महाराजांनी त्यातलं निवळ पाण्याचं वाक्य उचललं आणि शेवटचं सोडून दिलं. "ऐकलं का? माउली सोता सांगून राहिली. सातव्या दिवशी निवळ."

"पर महाराज, डॉक्टरनं आजच्या आज म्हनलं," प्रितम चाचरत म्हणाला.

"म्हननच. त्याचं दुकान आहे. सलाईन लावली का पोटातलं लेकरू काळं पडते, थे सांगतलं का त्यानं? नाई सांगत. आता चरोदा आला का उतरा. आपलं स्थान स्टेशनच्या पाठीमांगच आहे. सात दिवस ऱ्हा, रोज सकाळी हात धुनं. एक सुई लागली तं माया नावानं कुत्रं पाळजा."

प्रितमनं रेणूकडे पाहिलं. तिला काही बोलायचं त्राण नव्हतं. मग त्यानं भागाबाईंकडे पाहिलं. "मावशी, तुमी सोता पाहिलं पानी निवळ आलेलं?"

"माया डोळ्यानं पाहिलं, बापा."

प्रितम उठला आणि त्यानं वरच्या फळीवरची पिशवी खाली काढली. चरोदा पुढचंच स्टेशन होतं.

भाऊरावांना त्या क्षणी फार काही वाटलं असं नाही. फक्त एक गोष्ट त्यांना गणितासारखी दिसली. आपण गप्प बसलो, म्हणून बायको खरं समजून खोटं सांगते आहे, आणि तिच्या शब्दावर ही दोन जिवांची पोर गाडीतून उतरणार आहे. बोललो तर बायकोला आज, इथे, परक्या लोकांसमोर कळणार आहे. ते बराच वेळ बसून राहिले. मग बूटवाल्याचा पाय मांडीवरून बाजूला करून उभे राहिले.

"उतरू नको," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

"कोन तुमी?" महाराजांनी विचारलं.

"तुमी माया पोराचे हात सात दिवस धुतले. तुमाले ध्यानात नसन. थे डबी द्या."

महाराज डबी देणार नव्हते, पण पत्तेवाल्यांपैकी एकानं ती उचलून भाऊरावांच्या हातात दिली. त्याला सत्याचा पुळका नव्हता. खेळ अजून रंगतोय एवढंच त्याला कळलं होतं. भाऊरावांनी डबीतलं तपकिरी पाणी बोटांवर घेतलं आणि डब्याच्या दारातल्या पोलादी खांबाला हातभर चोळलं. वाळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग महाराजांची बाटली उघडून पाणी वरून सोडलं.

खांबावरून पिवळे ओघळ उतरले.

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. महाराज मात्र मुरलेले होते, ते डगमगले नाहीत. "बराबर आहे," ते म्हणाले. "हजार लोकं धरते हा खांबा. कोन्या पिलियावाल्यानं हात लावला असन."

आणि खरंच, खांबाला धरून उभ्या असलेल्या दोघांनी चटकन हात काढून घेतले. एकानं तर हात पँटला पुसला.

"बरं," भाऊराव म्हणाले. "खांबाले पिलिया झाला. आता या पोरीचे हात साबनानं धुवा. डबीतलं काई लावू नका. नुसतं बाटलीतलं पानी टाका."

"असं नाई चालत. इधी असते, मंतर असते."

"मंतर म्हना ना. मंतराले कोन नाई म्हनते? डबी तेवढी दूर ठेवा."

एका बाईनं पर्समधून साबण काढून दिला. प्रितमनं रेणूचे हात बेसिनपाशी नेऊन कोपरापर्यंत स्वच्छ धुतले, धरून परत आणून बसवलं, परात रिकामी करून पुसली आणि स्वतःच बाटली घेतली. महाराज मंत्र म्हणायचे विसरले. पाणी रेणूच्या बोटांवरून परातीत पडलं. पुन्हा पडलं. बाटली संपली.

पाणी निवळ होतं, तळाच्या पितळेवरचे ओरखडे दिसत होते.

"झाली बरी?" भाऊरावांनी विचारलं. "पहिल्याच दिवशी पानी निवळ. आता तिचे डोळे पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. डोळे तसेच पिवळे होते, हळदीसारखे.

"डबीत आंब्याची साल आहे," भाऊराव सपाट आवाजात म्हणाले, जणू शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला काम समजावून देत होते. "बाटलीत चुन्याची निवळी. दोनी मिळाले का पिवळं होते. हाताले लावा, खांबाले लावा, चपलीले लावा. साल रोज कमी लावली का सातव्या दिवशी निवळ. पिलिया हातात नसते बापा, थो लिव्हरात असते. हात धुतल्यानं फक्त हात साफ होते. मी बत्तीस वर्षं रंग पाहून सांगतलं, म्हनून मले वाटलं रंग खोटं बोलत नाई. पर रंग कोनी घातला, थे मी इचारलंच नाई. डॉक्टरनं माया पोराचं रक्त पाहून सांगतलं होतं, भरती करा. मी परात पाहत बसलो. तुयाजवळ चिठ्ठी आहे. आज पोचून जा."

प्रितमनं पिशवी पुन्हा वर ठेवली.

भागाबाई अजून परातीकडेच पाहत होत्या. "शुभंकरचे डोळेही असेच होते," त्या हळू म्हणाल्या. "सातव्या दिवशी. मी तुमाले म्हनलं होतं, डोळे पिवळेच दिसते. तुमी म्हनले, पानी निवळ आहे ना."

"हो."

"तुमाले हे कवापासून ठाऊक आहे?"

"तेरवीपासून."

 गाडी हलली. चरोदा आलं तसे महाराज परात झोळीत कोंबून उतरले, आणि ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी त्यांचं चित्रण केलं होतं त्यांनीच खिडकीतून त्यांच्यावर शिट्ट्या मारल्या. कोणी पोलिसांना फोन केला नाही, कोणी त्यांना अडवलं नाही. पत्तेवाले पुन्हा सहा जणांच्या जागेवर चौघं बसले. भाऊरावांच्या कोपऱ्यावरही आता कोणीतरी बसलं होतं, म्हणून ते रायपूरपर्यंत उभे राहिले.

साक्षगंधाला ते गेलेच नाहीत. प्रितमला रायपूर ठाऊक नव्हतं, म्हणून दोघंही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रेणूच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "कितने दिन हुए?"

"चार दिन," प्रितम म्हणाला.

"हालत ठीक नहीं है. लेकिन समय पर ले आए," त्या म्हणाल्या आणि नर्सला हाक मारून रेणूला आत घेऊन गेल्या.

बाहेरच्या बाकावर भागाबाई बसून राहिल्या. शेजारी भाऊराव. 

"आपन त्याले किती दिवस ठेवलं?" भागाबाईंनी विचारलं.

"सात दिवस थ्या महाराजाकडं. मंग पाच-सहा घरी."

"मले तवाच सांगाचं होतं."

"मी सांगतलं असतं तं मीच पोराले मारलं असं झालं असतं."

"थे तं झालंच आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. "मी पन त्या पोरीले उतराले सांगून राहिली होती. तुमी उठले नसते तं माया हातानंही एक गेलं असतं. दोन."

भाऊरावांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपले डोळे गळताहेत. त्यांनी ते पुसले नाहीत, आणि भागाबाईंनीही तिकडे पाहिलं नाही.

"उद्या थो पुन्हा परात मांडन," त्या म्हणाल्या. "आपन जाऊन त्याच्या दारात बसू. येईन त्याले सांगू. पहिले हात साबनानं धुवा, मंग पानी टाकाले सांगा, अन् काई झालं तरी दवाखान्यात जा."

"लोकं मारतीन."

"मारू द्या," भागाबाई म्हणाल्या. "आपल्याले आता कुठं काई लागते."