उष्टी हवा

लतिकाच्या पत्राला रुपराव मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पावसाळ्यात आलं होतं. आता सकाळी अंगणात बंब पेटवायचे दिवस आले, तरी ते आंतरदेशीय पत्र पुस्तकांच्या फळीवर तसंच पडून होतं. मजकूर मास्तरांना पाठ झाला होता.

'सर, मी खापरखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. वायूचा पाठ घेताना एका मुलीला फुगा फुगवायला दिला. मग म्हटलं, सगळ्यांनी हातात घेऊन दाबून बघा, आत हवा कशी कोंडून बसली आहे. कोणी हात पुढे केला नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, उष्टा हाये." हीच मुलं एकमेकांच्या अर्ध्या खाल्लेल्या बोरांवर तुटून पडतात. कोणाचं उष्टं कोणाला चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. एकदा येऊन हा पाठ तुम्ही घ्याल का? तुमच्यासारखा तो कोणाला जमत नव्हता.'

शेवटच्या वाक्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. नोकरीत असताना ते पुटपुटल्यासारखे बोलत आणि मुलांकडे न बघता फळ्याकडे बघत. आपण कंटाळवाणे होतो, याची त्यांना खात्री होती. पण एक दृश्य मात्र निवृत्तीनंतरही त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं. ते वर्गाच्या कोपऱ्यात अगरबत्ती लावत आणि म्हणत, "वास आला की हात वर करा." आधी पहिल्या बाकावर एक हात वर जाई, मग दुसऱ्या, मग मधल्या. वारा लागलेल्या ज्वारीसारखे हात हलत हलत मागे जात. सगळ्यात शेवटी, खिडकीजवळ, डोळे मिटून बसलेल्या लतिकाचा हात. तो हात वर गेला की मास्तर हळूच म्हणत, "दगड आपलं घर सोडत नाही, पाणी घरासारखं होतं, हवा घरच मानत नाही."

ते हात पुन्हा एकदा बघायला मिळावेत, एवढंच त्यांना वाटे. दुपारी घराजवळच्या हुडकेश्वरच्या शाळेची घंटा ऐकू आली की हातातलं पुस्तक तसंच राही. घरी ते पाण्यात उलटा पेला बुडवून आतला कागद कोरडा राहतो का बघत. सिंधूताई, त्यांची बायको, दारातून म्हणत, "भिंतीले शिकवून राहिले का? भिंत पास झाली का नाही?"

"भिंत बरी. प्रश्न विचारत नाही," मास्तर म्हणत.

उत्तर लिहायला ते अनेकदा बसले. 'चि. लतिका, येतो,' असं लिहीत आणि कागद चुरगाळत. कारण त्यांच्या मागच्या अंगणातल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता.

तो जिजाबाईचा कप. जिजाबाई धुणीभांडी करायला येई, थंडीत बंब पेटवी. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले सगळे कप तीच घासायची. तिने घासलेले चालत, तिने प्यालेले चालत नसत. मास्तरांची आई असताना ती रीत सुरू झाली. आई जाऊन बरीच वर्षं झाली, कप मात्र जागचा हलला नाही. घरात त्याविषयी कोणी कधी बोललं नाही. तुमच्याआमच्या घरीही असा एखादा कप असेल. त्याचंही असंच असतं.

'वर्गापुढे उभा राहून, फुग्याला हात लावा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?' मास्तरांना वाटे, आणि पत्र पुन्हा फळीवर जाई.

पौषातली एक सकाळ. लाकडं ओली होती. जिजाबाई बंबापुढे उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होती. धूर झाला, जाळ होईना. तिला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मास्तर बाजूलाच पेपर घेऊन बसले होते. ते उठले, तिच्या हातून फुंकणी घेतली, तोंडाला लावली आणि फुंकर घातली. एक, दोन. तिसऱ्या फुंकरीला भपकन जाळ झाला.

जिजाबाईचा खोकला एकदम थांबला. ती फुंकणीकडे बघत राहिली.

"गुरुजी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "उष्टी हाये न ते. माह्या तोंडची."

मास्तरांच्या हातात फुंकणी तशीच राहिली. स्वयंपाकघराच्या दारात सिंधूताई चहाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता ही काय म्हणेल, या विचाराने मास्तरांचे कान गरम झाले.

सिंधूताई हसल्या. "आता काय करता? नळीतून गंगाजल सोडता का?"

"माझ्या लक्षातच आलं नाही," मास्तर पुटपुटले.

"लक्षात आलं नाही म्हणून तर चांगलं झालं. लक्षात आलं असतं तर बसले असते पेपरात तोंड खुपसून." मग त्या गंभीर झाल्या. "फुंकणी चालली. मंग कप काहून चालत नाही?"

"मला चालतो," मास्तर म्हणाले. "तुला चालत नाही म्हणून मी आजवर..."

"मले?" सिंधूताईंनी भांडं खाली ठेवलं. "मले वाटे, तुमाले चालत नाही. तुमच्या आईची रीत, मोडली तर तुमाले लागंल. म्हणून मी तोंड उघडलं नाही."

इतकी वर्षं तो कप दोघांपैकी कोणाचाच नव्हता. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या नावावर ठेवला होता.

सिंधूताई आत गेल्या आणि तीन सारखे कप घेऊन आल्या. जिजाबाईने हात पुढे केला नाही.

"ताई, एक इचारू? आज थंडी हाये म्हणून, का रोजच? उद्या पुन्हा कोनाड्यात जायचं असंल तर मले आजचा नको."

"रोजच वं जिजा," सिंधूताई म्हणाल्या. "आमाले उशीर झाला, ते खरं हाये."

"उशीर तं लयच झाला," जिजाबाई म्हणाली. तिने कप घेतला, पण लगेच प्यायली नाही. बंबाचा धूर अंगणातून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात शिरत होता. तिकडे बघत ती म्हणाली, "हा धूर बघा. माह्या फुंकरीचा बी, गुरुजीच्या फुंकरीचा बी. देवाजवळ गेला, त्याले कोणी अडवलं नाही." मग चहाचा घोट घेऊन, "तो जुना कप मले द्या. कोंबड्याइले पाणी ठेवीन."

मास्तर हसले. पुष्कळ दिवसांनी त्यांना हसताना मोठा आवाज फुटला.

पत्र मात्र त्यांनी त्या दिवशी लिहिलं नाही. एका सकाळच्या उमाळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते वाट बघत राहिले. रोज तीन कप येत, रोज तिन्ही एकत्र घासले जात. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की, आपल्या हातातला कप काल कोणाच्या हातात होता हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते आठवावं असंही वाटत नाही. तेव्हा ते लिहायला बसले.

'चि. लतिका, उत्तराला फार उशीर झाला. येतो. मला पाठ नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. फुगा आणू नकोस. घरची फुंकणी मी आणतो. ती आमच्याकडे जिजाबाई फुंकतात आणि मीही फुंकतो, हे मुलांना आधी सांगेन. मग अगरबत्ती लावू. फुगा फुगवणाऱ्या त्या मुलीला शेवटच्या बाकावर बसवू नकोस, मधोमध बसव. तिच्या श्वासातली हवाच सगळ्या वर्गाच्या छातीत जाते आणि वर्गाची तिच्या. तिथे उष्टं कोणाचं काढणार?'

वाचकहो, हवेला भिंती माहीत नसतात; त्या आपण घालतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला हव्या असतील असं समजून घालतो. एकदा घरातल्या घरात विचारून बघावं. कदाचित त्या कोणालाच नको असतील.

मास्तर सायकलवरून चौकातल्या टपालपेटीपाशी गेले. त्यांच्या डोळ्यांपुढे हात वर जात होते, पहिल्या बाकापासून खिडकीपर्यंत. पत्र अर्धं आत सरकवून ते क्षणभर थांबले, नेहमीसारखे. मग बोटं सैल केली. आत पत्र पडल्याचा बारीक आवाज आला.