हाडीसाठी आणलेला फिल्टर

रविवार, २२ मार्च २०२६, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. जयनगरातील आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात बालवर्गाची सव्वीस मुले हजर होती. विषय होता आदिवासी वस्त्यांमधील शुद्ध पाणी.

व्यासपीठावर विजेविना चालणारा स्टीलचा फिल्टर झेंडूची माळ घालून उभा होता. जंगलालगतच्या एका हाडीत, म्हणजे आदिवासी वस्तीत, अंगणवाडी चालवणाऱ्या रक्षिता तो नेण्यासाठी पहाटेच्या बसने आल्या होत्या. तिथली मुले ओढ्याचे पाणी पितात व वरचेवर आजारी पडतात.

शेजारी पालकांनी वारली चित्रांनी रंगवलेले माठ मांडले होते.

"आमच्याकडे ही चित्रं काढत नाहीत," रक्षिता सौम्यपणे म्हणाल्या.

"तरी आदिवासीच ना," मंडळाचा कार्यवाह सुहास म्हणाला. तो पुण्याहून येथे संगणक कंपनीत आलेला. मुलांना टंचाईचा अनुभव द्यावा, ही कल्पना त्याचीच. "काका, अर्धा तास मेन वॉल्व्ह बंद करा. फील यायला हवा."

मी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला पदविकाधारक. "वर्षानुवर्षे फिरवलेला नाही. बंद होईल, उघडेलच असे नाही."

"काका, थोडं पॉझिटिव्ह राहा."

कार्यकारिणीचा ठराव होता. मी वॉल्व्ह बंद केला. उघडताना त्याचा दांडा तुटला.

मुलांना खरोखरच तहान लागली. बाटल्या मागवता येईनात, कारण दारावर प्लास्टिकमुक्त कार्यक्रमाचा फलक होता आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र गेली होती. टाकीतून बादलीने पाणी काढले, पण ते न गाळता पाजण्यास पालक राजी होईनात. तेव्हा सर्वांची नजर व्यासपीठाकडे वळली. माळ उतरवण्यात आली. मुले पोटभर प्याली.

कार्यक्रम संपताच रक्षितांनी फिल्टर बांधायला दोरी मागितली. चामराजपेटच्या सरस्वतीबाई, आमच्या अध्यक्षा, पुढे झाल्या.

"अक्का, उष्टी वस्तू दान कशी द्यायची?"

"पर्वागिल्ला अम्मा, काही हरकत नाही, धुवून नेते. आधी कोण प्यालं ते आमची मुलं नाही विचारणार."

"ती नाही विचारणार, चित्रगुप्त विचारेल."

"शास्त्र पाळायलाच हवं," एरवी शास्त्राला हसणारा सुहास म्हणाला. "शिवाय वॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत इथंही लागेलच. पुढच्या वर्षी कोरा देऊ."

"मुलं या वर्षी पितात, सर," रक्षिता म्हणाल्या. त्यावर सर्वांनी गंभीरपणे मान डोलावली. मग सरस्वतीबाईंनी त्यांची ओटी भरली आणि एक वारली माठ हाती दिला. तो रिकामा होता, परंतु न वापरलेला होता.

सुहासने मुलांना विचारले, "आज काय शिकलात?"

पाच वर्षांची सिद्धी उभी राहिली. "तहान लागली की आधी आपण प्यायचं."

टाळ्या झाल्या.

हाडीत पोहोचलेले फिल्टर : शून्य.